बर्वेबाईंची अकरा नंबर

बर्वेबाई टीव्हीला दही भरवायच्या. म्हणजे चीनमधल्या बायकांचा बास्केटबॉलचा सामना सुरू व्हायच्या आधी चमचाभर दही-साखर पडद्यासमोर धरायच्या, "यशस्वी हो गं" म्हणायच्या आणि मग ते दही स्वतःच खाऊन टाकायच्या.

विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत त्या माझ्या समोरच्या दारात राहतात. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि इतक्या उंच की जिन्यातला दिवा बदलायला कोणी शिडी शोधत नसे, बाईंनाच हाक मारत. लग्न का केलं नाही असं विचारलं, तर "स्थळं यायची, पण मान वर करून बोलायचा त्यांना कंटाळा यायचा," असं सांगून मोकळ्या होतात.

त्यांचा सगळा जीव एका चिनी खेळाडूत. तिचं नाव उच्चारता येत नाही, म्हणून ती 'आमची अकरा नंबर'. ती काटकुळी पोर राखीव बाकावर नुसती बसून असायची, तेव्हापासून बाईंनी तिला धरलं. "खेळणाऱ्यांकडे सगळेच बघतात. मी आधी बाक बघते," म्हणाल्या. पुढे अकरा नंबर देशाच्या संघात आली, परदेशी क्लबकडून खेळून आली, कर्णधार झाली. बाई सामने आवाज बंद करून बघायच्या. "भाषा कळत नाही. आणि कळली असती तरी समालोचकांना काय कळतं?"

मग एका सामन्यात अकरा नंबरचा गुडघा गेला. बाईंनी डिंकाचे लाडू केले आणि डबा घेऊन कुरिअरवाल्याकडे गेल्या.

"काकू, पत्ता?"

"चीन. संघाचं नाव घाला, तिथे ओळखतात तिला."

लाडू आम्हीच संपवले. गंमत अशी, की बाईंचा स्वतःचा गुडघाही कधीचा कामातून गेला होता. डॉक्टर ऑपरेशनसाठी मागे लागले होते, पण बाईंचं एकच. "आधी तिला कोर्टवर चालत येऊ दे. मग माझं बघू." हळूहळू त्यांचं जिना उतरणं बंद झालं. जिन्यातला दिवा गेला, तो गेलाच.

गेल्या महिन्यात दार वाजलं. बाई काठी टेकत पेढे घेऊन उभ्या.

"आली चालत. कुबडीशिवाय. हातात गुच्छ, सगळं स्टेडियम उभं. आता माझी तारीख घे."

संध्याकाळी माझ्या मुलीने ती बातमी फोनवर भाषांतर करून दाखवली. अकरा नंबर निवृत्त झाली होती. तो निरोपसमारंभ होता, आणि बाईंनी त्याचे पेढे वाटले होते. ऑपरेशन होईपर्यंत त्यांना काही सांगायचं नाही, असं आम्ही घरात ठरवलं. मला तो पेढा पुढे दोन दिवस जड गेला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. मी न्यायला गेले तर बाई पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या, टीव्ही बंद.

"बऱ्या होऊन या, मग तिचा पुढचा सामना बघू," मी म्हटलं.

"पुढचा सामना नाहीये. त्याला चिनी कशाला यायला हवं? शाळेने मलाही असाच गुच्छ दिला होता. परत बोलवायला कोणी गुच्छ देत नाही."

"मग पेढे?"

"स्वतःच्या पायांनी बाहेर पडली ती. कोणाचं तरी तोंड गोड व्हायला नको?"

मी स्वयंपाकघरात गेले. त्यांच्याच फ्रिजमधून दही काढलं, साखर घातली आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. बाई हाताकडे बघत राहिल्या.

"राज्याच्या संघात माझी निवड झाली, त्या दिवशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही," म्हणाल्या. "एवढ्या उंच मुलीने हाफपँट घालून पळायचं, हे तिला झेपलं नाही. तशीच निघाले. नंतर जिथे गेले तिथे तशीच गेले."

मग दही खाल्लं. "आंबट झालंय," म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

जिन्यातल्या अंधारात त्या माझ्या खांद्यावर भार टाकून एकेक पायरी उतरल्या. इतक्या वाकल्या होत्या की पहिल्यांदाच त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर आला. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ऑपरेशनला आत नेताना त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि "येते हं" म्हणाल्या. घरातून निघताना हे म्हणायला त्यांना कधी कोणी नव्हतं. माझ्या तोंडून "या" निघेपर्यंत दार मिटलं होतं.