सासूबाईंच्या फोल्डरात माझा प्रोग्राम

सासूबाईंचं फोल्डर आवरायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. कुणी बोलावलं नव्हतं. पण नुकताच ऑफिसतर्फे प्रोग्रामिंगचा कोर्स केला होता (पास झालो, नंबर विचारू नका), आणि नवी सुरी हातात आली की माणूस दिसेल ते कापत सुटतो.

सासूबाईंनी वर्षभर खपून एक जाडजूड कादंबरी आपल्या आवाजात रेकॉर्ड केली होती, अंधांच्या वाचनालयासाठी. संध्याकाळी तिथल्या बाई ती न्यायला येणार होत्या, आणि प्रकरणं क्रमानं नसतील तर घेणार नाही असं त्यांनी बजावलं होतं. फाइलींची नावं मात्र सासूबाईंनी मनाला येईल तशी ठेवलेली. 'घसा बसला', 'परत', 'परत परत', 'मध्येच बेल वाजली'. नायिका कुठल्या फाइलीत जन्मते आणि कुठल्या फाइलीत मरते, काही पत्ता नाही.

सासूबाई म्हणाल्या, एकेक ऐकून हातानं लावू. मी हसलो (तज्ज्ञ हसतात तसं) आणि प्रोग्राम लिहिला. फोल्डर उघड, फाइल घे, नावाच्या आधी रेकॉर्डिंगची तारीख चिकटव (वाचन तरी क्रमानं झालं होतं), पुढची घे, संपल्या की थांब. बटण दाबलं आणि ऐटीत चहा घ्यायला गेलो.

चहा संपला तरी प्रोग्राम संपेना. बघतो तर एकेका फाइलीच्या नावात तारीख, पुन्हा तारीख, पुन्हा तीच तारीख, आणि पार शेपटाला बिचारा 'घसा बसला'. नाव बदललं रे बदललं, की प्रोग्रामला ती नवीनच फाइल वाटायची. रांगेतल्या माणसाला टोपी घालावी आणि त्यानं मुकाट्यानं परत रांगेच्या टोकाला जाऊन उभं राहावं, तसं चाललेलं. शेवटी नाव फार लांब झालं म्हणून कॉम्प्युटरनंच अंग टाकलं.

सासूबाई चष्मा सावरत माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "वर्षभराचं वाचन होतं हो माझं."

बायको दारातूनच म्हणाली, "आईचा आवाज गेला ना, तर तुझाही या घरात ऐकू येणार नाही."

जीव टांगणीला लागला की माझंसुद्धा डोकं चालतं, हे त्या दिवशी कळलं. आधी सगळ्या नावांपुढच्या तारखा झाडून काढल्या. मग प्रोग्रामला दम दिला, की फोल्डरात काय काय आहे ते आधी एकदाच बघून घे, आणि त्यानंतरच कुणाच्या नावाला हात लाव. सासूबाईंनी आठवण करून दिली, की काही प्रकरणं आतल्या फोल्डरांत आहेत. म्हटलं, आतलंही सगळं उचल, काही सोडू नकोस.

पापणी लवायच्या आत काम फत्ते. पहिली फाइल लावली, तर सासूबाईंचा खणखणीत आवाज, प्रकरण पहिलं. शेवटची लावली, तर 'समाप्त'. सासूबाईंचे डोळे भरून आले. "जावईबापू, तुम्ही जिंकलंत," त्या म्हणाल्या. लग्नापासून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. वाचनालयाच्या बाईंनीही, इतकं नीटनेटकं काम आजवर पाहिलं नाही, असं सांगितलं. पुढचे चार-आठ दिवस मी घरात कॉलर ताठ करून फिरत होतो आणि बायको न मागता चहा देत होती.

मग त्या बाईंचा फोन आला. सासूबाईंनी सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. कादंबरी वाचकांना फारच आवडली म्हणे, त्यातही तो जंगलातला प्रसंग. एक शब्द नाही, नुसती गुरगुर, अंगावर काटा येतो. लोक तो पुन्हा पुन्हा लावायला सांगतात.

सासूबाई चक्रावल्या. कादंबरीत जंगलच नव्हतं. बायको तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. तिच्याकडून जे बाहेर आलं ते असं, की मी घोरतो हे मी कबूल करत नाही, म्हणून तिनं एका दुपारी ते रेकॉर्ड केलं आणि आईला ऐकवायला तिच्याच फोल्डरात, आत, ठेवलं होतं.

फोनवरून बाई अदबीनं म्हणाल्या, "पुढच्या कादंबरीत रानडुकराचा पाठलाग आहे. तेवढं जावई करतील का?"

सासूबाईंनी मला न विचारताच होकार देऊन टाकला.