अजीमभाई आणि पार्टी

कोरेगावात घरात बसून माझ्याइतका बँजो कुणीही वाजवलेला नाही! हे मी छातीठोकपणे सांगतो. वीस वर्षं एका हातानं बटणं दाबतोय, दुसऱ्या हातानं तारा छेडतोय. ऐकणारे मात्र कायम तेच. भिंतीवरची पाल, गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले ब्लाउज आणि बायको. त्यातली पाल मागच्या उन्हाळ्यात निघून गेली.

मी अजीम. बाजारपेठेत आमचं 'अजीम लेडीज टेलर्स' आहे. पाटी माझ्या नावाची, कारभार सगळा जीनतचा. मापं ती घेते, कापड ती कापते, गिऱ्हाइकांशी भांडण आणि समेट दोन्ही तीच करते. मी काजं-बटणं करतो, आणि हात रिकामे झाले की कोपऱ्यातल्या टेबलावर बँजो घेऊन बसतो. एके दिवशी जीनतची नजर नेमकी त्या टेबलावर गेली.

"आवं, पुढच्या रविवारी पिको-फॉलचं मशीन येतंय. टेबल रिकामं करा."

"आणि बँजो?"

"माळ्यावर. कुकरच्या खोक्यात."

"माळ्यावर? कलाकार हाय मी!"

"कलाकाराला पार्टी असती. तुमची कुठं हाय? रविवारच्या आत पार्टी उभी करा, मशीन दुसरीकडं ठेवू. न्हाईतर खोकं तयार हाय!"

झालं! पैज लागली. आणि बँजो पार्टी उभी करायला लागतं काय हो? एक ढोलकीवाला, एक ताल धरणारा, एक माईकवर बोलणारा. बँजो तर घरचाच! एवढी टाळकी मी चहा निवायच्या आत गोळा करीन, असं म्हणत मी थेट प्रबुद्धच्या दुकानात गेलो.

प्रबुद्ध माझा शाळेपासूनचा दोस्त. फ्लेक्स छापतो. आमच्याकडे बारसं असो, वाढदिवस असो, सोसायटीवर निवड असो, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय ती गोष्ट झाली असं कुणी धरतच नाही. एकाच्या म्हशीनं प्रदर्शनात नंबर काढला, तेव्हा म्हशीचा फ्लेक्स महिनाभर चौकात होता.

"प्रबुद्ध, 'बँजो पार्टीसाठी वादक पाहिजेत' एवढंच छाप."

"पाहिजेत कोण वाचतंय रं? लोक फोटो बघत्यात. वर तुझा फोटो, खाली शुभेच्छुकांचे."

"शुभेच्छुक कुठनं आणू गड्या?"

"गल्लीच्या ग्रुपवर सगळ्यांचे फोटो पडल्यात की! तू जा, सगळं माझ्यावर सोड."

मी सोडलं. तिथंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात फ्लेक्स झळकला. वर मी! अंगात कोट, डोळ्यांना गॉगल. दोन्ही माझे नव्हेत. खाली ठळक अक्षरात, 'सूरसम्राट अजीमभाई आणि पार्टी यांचे हार्दिक अभिनंदन!' आणि त्याखाली गल्लीतली झाडून सगळी मंडळी. रसवंतीवाले हरिबा त्यांच्या उसाच्या चरकासकट, अंगणवाडीच्या आक्काताई मधोमध, आणि कडेला स्वतः प्रबुद्ध. 'वादक पाहिजेत' हे शब्द कुठंही नव्हते.

"आरं, मुद्द्याचंच ऱ्हायलं की!"

"जागा पुरली न्हाई," प्रबुद्ध म्हणाला.

जीनतही बघायला आली. कमरेवर हात ठेवून तिनं फ्लेक्स डावीकडून उजवीकडं वाचला, मग उजवीकडून डावीकडं वाचला, आणि एक शब्द न बोलता दुकानात निघून गेली. त्या दिवशी मला चहा मिळाला, पण साखर घालायची राहिली होती. म्हटलं, हरायची वेळ आलीय म्हणून बाई हबकली!

वादक कसले येतायत? फ्लेक्सवर एवढी पार्टी बघून सगळ्यांना वाटलं, इथं जागा भरल्या. आले ते वेगळेच लोक. पहिल्यांदा हरिबा धापा टाकत दुकानात शिरले.

"अजीमभाय, मी काय वाजवतो?"

"म्हंजे?"

"आरं, सकाळपास्नं रस प्यायला येतंय ते इचारतंय, हरिबा, पार्टीत तुमी काय वाजवता? माझ्या सुनेच्या म्हायेरचं माणूस सुदिक इचारून गेलं! न्हाई म्हणलो तर माझी काय इज्जत? मी म्हणलो, गुपित हाय. आता तू सांग, मी काय वाजवतो?"

या माणसाच्या हाताला चरक फिरवण्यापलीकडं कसलाही ताल ठाऊक नव्हता. पण त्यांच्या चरकाला घुंगरं होती!

"तुमी घुंगरं वाजवता," मी म्हटलं. हरिबांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात आक्काताई. "माझा फोटू मधोमध हाय. मधोमध म्हंजे म्होरक्या. माईक माझा."

"आक्काताई, तुमी माईकवर कवा बोललाय?"

"अंगणवाडीत रोज पोरांच्या गोंगाटावर ओरडती मी. माईकची गरज मला न्हाई. त्यो असला की मी हळू बोलती, तेवढीच लोकांच्या कानाला सोय!"

राहिला ढोलकीवाला. मी सगळं कोरेगाव पालथं घातलं, वाठार स्टेशनपर्यंत जाऊन आलो. दमून प्रबुद्धच्या दुकानात टेकलो, तर हा गडी मांडीवर ढोलकी घेऊन वाद्या आवळत बसलेला.

"तू वाजवतोस?"

"ल्हानपणापास्नं. बा शिकवायचा."

"मग परवा बोलला का न्हाईस?"

"तू फ्लेक्स मागायला आलतास. आलेलं गिऱ्हाईक कोण सोडतंय रं?"

तर अशी पार्टी उभी राहिली! मी कॉलर ताठ करून जीनतला सांगायला जाणार, एवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. मलकापूरचे यल्लाप्पा. कामासाठी कोरेगावात आले होते, चौकात फ्लेक्स बघितला होता.

"अजीमभाई तुमीच न्हवं? शनवारी पोरीची हळद हाय. एवढ्या अभिनंदनाची पार्टी म्हंजे लय गाजलेली असणार. सुपारी घ्याच!"

आता खरं सांगायला हवं होतं. मला पूर्ण येणारी चाल एकच. बाकीच्या चाली अर्ध्यावर येतात, आणि तिथून पुढं त्यांना मी येत नाही. पण यल्लाप्पांच्या मागून जीनत ओठ घट्ट मिटून बघत होती. मी सुपारी घेतली.

तालीम दुकानातच झाली. जीनतनं उरलेल्या साटीनची जाकिटं शिवून चौघांपुढं टाकली. तिघांच्या जाकिटांना बटणं होती.

"माझ्या जाकिटाला?"

"सूरसम्राट हायसा. लावून घ्या."

बाई बोलली! पण काय बिघडलंय ते काही समजेना.

शनिवारी मलकापूरला पोचलो. मांडव गच्च. आक्काताईंनी माईक हातात घेऊन "सगळे गप बसा!" असं म्हटलं आणि पाव्हणे खरोखरच हाताची घडी घालून बसले. प्रबुद्धनं थाप मारली, हरिबांनी घुंगरं हलवली, मी चाल धरली. लोक उठले, नाचले, टाळ्या वाजवल्या. चाल संपली.

"आता दुसरं!" आक्काताई गरजल्या.

मी तीच चाल जरा सावकाश धरली. पुढच्या खुर्चीवरच्या एका म्हातारीनं कान टवकारला.

"बाई, हे मगाशीच झालं की."

माझ्या बोटांना घाम फुटला. प्रबुद्ध ढोलकीच्या आड तोंड लपवायला लागला. आक्काताई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"आजी, मगाशी झालं ते नवऱ्याकडचं. हे नवरीकडचं!"

"व्हय का? मग वाजवा, वाजवा!"

नवरीकडचे दुप्पट जोरात नाचले. आणि मग जे सुरू झालं ते आवरेना! नवरीचा मामा पुढं आला. "मामाकडचं कुठं हाय? मामाला मान हाय का न्हाई?" मामाकडचं झालं. मग थोरल्या चुलत्यांचं. मग त्यामुळं धाकट्या चुलत्यांचं. एकच चाल मी कधी धावती, कधी रांगती वाजवत होतो, आणि प्रत्येकजण आपलंच गाणं सगळ्यात भारी म्हणून नाचत होता. हरिबांचा हात तर चरक फिरवल्यासारखा थांबायचं नाव घेईना.

तेवढ्यात माझं लक्ष मांडवाच्या कोपऱ्यात गेलं. एक बाई ओठ घट्ट मिटून, कमरेवर हात ठेवून उभी होती.

"त्या कोण?" मी यल्लाप्पांना विचारलं.

"माझी भन. नवरीची आत्या. सगळ्यांचं वाजवलं, तिचं न्हाई, म्हणून फुगून बसलीय."

तो चेहरा मी ओळखत होतो. आठवडाभर रोज बघत होतो, बिनसाखरेच्या चहासकट! सगळ्या गल्लीचे फोटो लावले, हरिबांच्या चरकाचासुद्धा लावला, आणि माझ्या घरातलं एकुलतं एक माणूस...

"आक्काताई, आत्याबाईंचं लावा," मी म्हटलं, आणि खरं सांगतो, वीस वर्षांत वाजवलं नव्हतं तसं वाजवलं. बटणांकडं बघितलंही नाही. आत्या आधी हसल्या, मग रडल्या, मग नाचल्या. निघताना शिराळ्याच्या एका पाव्हण्यानं आम्हाला दुसरी सुपारी दिली. "आमच्यात आत्या लय हायत," म्हणाला. "तेवढी गाणी हायत न्हवं तुमच्याकडं?"

"लागतील तेवढी!" आक्काताईंनी सांगून टाकलं.

रविवारी सकाळी पिकोचं मशीन दारात आलं. मी जीनतपुढं उभा राहिलो.

"तुझा फोटो लावायचा ऱ्हायला."

"आज कळलं?"

"मला वाटलं, तू घरातली..."

"घरातल्या माणसाच्या शुभेच्छा नसत्यात व्हय? वीस वरसं तुमचं वाजवणं कुणी ऐकलं? पालसुदिक गेली! मी ऱ्हायले!"

तिचं म्हणणं खरंच होतं. नवा फ्लेक्स छापायला मी तडक प्रबुद्धकडं जायला निघालो, तर ती म्हणाली, "थांबा. तुमी गेलात की घोळ हुतो. मीच जाते."

नवा फ्लेक्स चौकात लागलाय. फार सुंदर झालाय. मधोमध जीनतचा मोठा फोटो. वर 'जीनत लेडीज टेलर्स', त्याखाली 'पिको-फॉल करून मिळेल', आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, 'तसेच बँजो पार्टीची सुपारी घेतली जाईल'. हरिबा आहेत, चरक आहे, आक्काताई आहेत, प्रबुद्ध आहे. शिवलेल्या ब्लाउजांचे नमुने आहेत. बँजोचाही फोटो आहे.

वाजवणाऱ्याचा नाही.

"जागा पुरली न्हाई," प्रबुद्ध म्हणाला.

जीनतनं शब्द मात्र पाळला. बँजो टेबलावरच आहे. मशीन माझ्या खुर्चीच्या जागी आलंय, त्यामुळं मी आता उभ्यानं वाजवतो. तेव्हापासून मी तोंड फुगवून हिंडतोय, आणि अजून तिच्या लक्षातही आलेलं नाही! रविवारी शिराळ्याला जायचंय, तेवढ्यापुरतं तोंड सरळ करीन म्हणतो. पाव्हण्यांसमोर बरं दिसत नाही.