तांब्याचा बंब आणि भरवशाची कंपनी

"हा बंब गेला की तिथे घरघंटी," हे आशालता तोरसकर यांचं गेल्या दिवाळीपासूनचं वाक्य होतं. बंब आचोळ्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत उभा होता. अस्सल तांब्याचा, कमरेइतका उंच, आणि गॅसचा गिझर आल्यापासून पूर्ण बेकार. त्याच्या डोक्यावर मोजे वाळत आणि पोटात मोडक्या छत्र्या राहत. भंगारवाला वजनावर पैसे द्यायला तयार होता, पण मुलगी संपदा मध्ये पडली. म्हणाली, आजकाल असल्या वस्तूंचा मोबाईलवर लिलाव होतो, हौशी माणसं दुप्पट देतात. दुप्पट हा शब्द ऐकून सुधाकरराव तोरसकर पेपरातून वर आले.

बेत सरळ होता. बंबाच्या पैशांतून घरघंटी घ्यायची, ती बंबाच्याच जागी ठेवायची आणि बिल्डिंगमधल्या बायकांना भाजणी आणि तांदळाचं पीठ दळून द्यायचं. संपदाने बंबाचे मोजे उतरवले, तो चिंचेने घासून घेतला, चार बाजूंनी फोटो काढले. सगळं भरून झाल्यावर शेवटी मोबाईलने विचारलं की पैसे कोणत्या कंपनीमार्फत घेणार. खाली कंपन्यांची यादी होती. संपदा पहिलीवर बोट ठेवणार, तेवढ्यात सुधाकरराव म्हणाले, "थांब."

हे थांब पंधरवडाभर टिकलं.

सुधाकरराव एका सरकारी खात्याच्या लेखापरीक्षण विभागातून निवृत्त झाले होते. तिथे त्यांनी कोणाचं भलं केलं असो वा नसो, कोणाचंही बिल पहिल्या फेरीत पास केलं नव्हतं. त्यांनी यादीतल्या प्रत्येक कंपनीच्या अटी छापून आणल्या आणि लाल पेन घेऊन बसले. पहिली कंपनी शेकडा दोन रुपये कापून घेत होती आणि त्या कापलेल्या रकमेवर पुन्हा कर लावत होती. "म्हणजे न्हाव्याने केस कापायचे आणि कापलेले केस झाडायचे पैसे वेगळे," असा शेरा मारून त्यांनी ती बाद केली. दुसरी काहीच कापत नव्हती, त्यामुळे ती जास्तच संशयास्पद ठरली. फुकटात काम करणारा माणूस त्यांनी नोकरीत एकदाच पाहिला होता आणि तो पुढे निलंबित झाला. तिसरीच्या अटींना कुठे नाव ठेवता येईना, म्हणून त्यांनी तिच्या मदत क्रमांकावर रविवारी दुपारी फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवून तो आपोआप बंद झाला.

"रविवारी दुपारी तुम्ही तरी फोन उचलता का?" आशालताबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या.

"मी लोकांचे पैसे सांभाळत नाही."

"माझेही कुठे सांभाळता. बंब विकायचाय, मुलगी द्यायची नाहीये."

पण सुधाकररावांनी चौकशी केली ती मुलीच्या लग्नासारखीच, आणि शेवटी स्थळ मिळालं. ही कंपनी मध्यस्थ होती. घेणाऱ्याने पैसे आधी कंपनीकडे भरायचे. कंपनी ते धरून ठेवणार. वस्तू हातात पडली की घेणारा विक्रेत्याला एक आकडा सांगणार, तो आकडा मोबाईलमध्ये घातला की पैसे सुटणार. कोणावरच विश्वास ठेवायची गरज नाही, ही कल्पना त्यांना इतकी आवडली की आपल्या खात्यात ती कोणाला सुचली नाही याची हळहळ वाटली.

मग ओळख पटवण्याचा भाग आला. मोबाईलसमोर चेहरा धरायचा होता. सुधाकरराव ठेवणीतला शर्ट घालून बसले आणि प्रसन्न हसले. चेहरा जुळत नाही, असं उत्तर आलं. ते आणखी हसले. पुन्हा तेच. आशालताबाईंनी आधार कार्ड काढून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, सोसायटीने पार्किंगचे पैसे वाढवलेत ते आठवा." सुधाकररावांच्या कपाळावर आठी उमटली आणि कंपनीने त्यांना तत्काळ ओळखलं.

लिलाव सुरू झाला. दोनच गिऱ्हाइकं खरी निघाली. एक वांद्र्याची कोणी ॲनिशा, तिला कॅफेच्या दारात बंबात झाड लावायचं होतं. दुसरे जवळच्याच उमेळे गावचे शत्रुघ्न पाटील. ॲनिशा पाच हजार म्हणाली की पाटील पाच हजार एक म्हणत. ती आठ म्हणाली, ते आठ हजार एक. शेवटच्या संध्याकाळी ती पंधरापर्यंत चढली आणि पाटलांनी एकदम एकवीस हजार एकचा आकडा टाकून विषय संपवला. भंगारवाल्याच्या चौपट. सुधाकररावांनी त्या रात्री स्वतःहून दोन आइस्क्रीम आणली. पाटलांना तीन दिवसांत पैसे भरायचे होते आणि वस्तू घरून न्यायची होती, त्यामुळे पत्ता त्यांना आपोआप गेला होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी बिल्डिंगखाली टेम्पो लागला. शत्रुघ्न पाटील पांढरी टोपी घालून वर आले, मागे त्यांची बायको जिजा, तिच्या हातात केळ्यांचा घड. पाटलांनी आधी बंबाला हळद-कुंकू लावलं, मग त्यावर बोटांनी टकटक करून आवाज ऐकला आणि खूश झाले. त्यांच्या घरचा बंब बुडाला फुटला होता. वाडीत नारळाच्या सोडणांचा डोंगर पडलेला असताना पाणी तापवायला विजेचं बिल भरणं त्यांना पाप वाटत होतं.

चहा झाला. पाटलांनी बंब उचलायला हात घातला. सुधाकररावांनी मोबाईल पुढे धरून आकडा विचारला.

"कसला आकडा?"

"पैसे भरल्यावर कंपनीकडून आला असेल ना."

"पैशे कुटं भरलं? ते पुडल्या जत्रंला."

सुधाकररावांनी कान पुढे केला. पाटलांनी शांतपणे समजावलं. त्यांच्या आळीत देवीची जत्रा होते. देवीपुढच्या नारळाचा लिलाव होतो, त्याला सवाल म्हणतात. सवाल जिंकणारा वस्तू लगेच घरी नेतो आणि पैसे पुढल्या वर्षी जत्रेत, सगळ्या गावासमोर देतो. बापजाद्यांपासून असंच चालत आलंय. आता जत्रा नुकतीच चैत्रात झाली, म्हणजे बंबाचे पैसे पुढच्या चैत्रात.

"पण हा तुमच्या देवीचा नारळ नाही, माझा बंब आहे," सुधाकरराव म्हणाले.

"सवाल तो सवाल, भाऊ. सुनेच्या मोबाईलवर बोली लावत व्हतो, पन आख्खी आळी देवळाच्या ओट्यावर बसली व्हती. ती वांद्र्याची बाई चढायला लागली तवा लोकांनी ढोल आनला. एवढ्या मानसांदेखत जिकलेला सवाल मी गुपचूप मोबाईलमदून फेडला, तर लोक काय म्हनतील?"

"काय म्हणतील?"

"म्हनतील, शत्रुघ्नवर समोरच्याचा भरवसा नव्हता. रोख कोनाकडून घेतात भाऊ? ज्याची पत नाय त्याच्याकडून."

सुधाकररावांनी बाजूला जाऊन संपदाला ऑफिसात फोन केला. तिने ॲनिशाला विचारून पाहिलं, पण ॲनिशाने काल रात्रीच मातीच्या दोन मोठ्या कुंड्या घेऊन टाकल्या होत्या. मध्यस्थ कंपनीच्या मदत क्रमांकावर एका नम्र आवाजाने सांगितलं की घेणाऱ्याने पैसे भरलेच नाहीत, तर धरून ठेवायलाही काही नाही. म्हणजे पंधरवडाभर ज्या तिजोरीची कुलपं तपासली, तिच्यात गिऱ्हाईक काही ठेवायलाच तयार नव्हतं.

इकडे गॅलरीत आशालताबाई जिजाला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कसल्याच अटी विचारल्या नाहीत. एवढंच विचारलं, की आजवर सवालाचे पैसे कोणी बुडवले का.

"एकानं बुडवलं," जिजा म्हणाली. "माज्या आजेसासऱ्याच्या वक्ताला. त्याचा पनतू आता डॉक्टर हाय, एवढी मोठी पाटी लावलीय. पन रिक्षावाल्याला इचारा, बुडव्याचा दवाखाना म्हनूनच सांगनार."

आशालताबाई उठल्या आणि त्यांनी बंबाचा एक कान स्वतः धरला. "घेऊन जा भाऊ," त्या पाटलांना म्हणाल्या. सुधाकरराव काही बोलणार, तर त्यांना ऐकवलं, "तुमच्या कुठल्या कंपनीत चार पिढ्या नाव ठेवायची सोय होती? दाखवा."

बंब टेम्पोत चढला. संध्याकाळी आशालताबाईंनी भिशीचे पैसे काढून घरघंटी आणली आणि नवऱ्याला सांगितलं की ही उसनवारी आहे, बंबाचे पैसे आले की माझे मला परत. त्यामुळे सुधाकरराव एकाच दिवशी सावकारही झाले आणि कर्जदारही.

पुढच्या रविवारी ते दोन रिक्षा बदलून उमेळ्याला गेले. उधारीवर गेलेल्या मालाची प्रत्यक्ष पाहणी, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. बंब पाटलांच्या मागच्या अंगणात सोडणं खाऊन धुमसत होता. पाटलांनी त्याच पाण्याने त्यांना पाय धुवायला लावले. जिजाने तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या निवट्यांचं कालवण वाढलं. निघताना पिशवीत वाडीतल्या केळ्यांची सुकेळी घातली. पैशांचा विषय काढायचा राहून गेला, म्हणून त्यांना त्याच्या पुढच्या रविवारीही जावं लागलं.

असं करता करता पाहणी नियमित झाली. पावसाळ्यात पिशवीत शेवळांची रानभाजी आली, नवरात्रात नवा तांदूळ आला, थंडीत वालाच्या शेंगा आल्या. तांदूळ थेट घरघंटीत गेला आणि आशालताबाईंच्या पिठाचं बिल्डिंगीत नाव झालं. कधीकधी त्याही बरोबर जायच्या आणि जिजाच्या ओटीवर पाय पसरून बसायच्या. सुधाकररावांनी एकदा बसून व्याजाचा दर काढला, तर कुठलीही बँक लाजून दार लावून घेईल असा निघाला. पाटलांच्या हिशेबवह्याही त्यांनी तपासून दिल्या आणि केळ्यांच्या व्यापाऱ्याने वजनात मारलेली कडती शोधून काढली, तेव्हापासून आळीत त्यांना सायेब म्हणू लागले. त्या मध्यस्थ कंपनीचा मात्र दर सोमवारी निरोप यायचा, की आपला व्यवहार अपूर्ण आहे. तो वाचून सुधाकररावांना बरंच वाटायचं.

चैत्र आला. जत्रेचं आमंत्रण द्यायला पाटील स्वतः आले. "भाऊ, यंदा मी मोकळा होनार," ते छाती काढून म्हणाले. सुधाकररावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांचा चेहरा आधार कार्डासारखा झाला.

जत्रेत मांडव भरलेला होता. कर्ण्यावरून शत्रुघ्न पाटलांचं नाव पुकारलं, ढोल वाजला, आणि कुंकू लावलेल्या पाकिटात एकवीस हजार एक रुपये सुधाकररावांच्या हातात आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आशालताबाईंनी पाकीट तिथेच ताब्यात घेतलं, भिशीचं देणं फिटल्याचं जाहीर केलं आणि उरलेलेही परत केले नाहीत. सुधाकरराव हरवल्यासारखे उभे होते. तीस वर्षं त्यांनी खाती बंद करण्यात घालवली, पण खातं बंद झाल्यावर एवढं ओकंओकं वाटेल हे कुठल्या नियमपुस्तकात नव्हतं.

"चला आता, रिक्षा मिळायची नाही," आशालताबाई म्हणाल्या.

"जाऊ ना. घाई काय आहे. पुढच्या रविवारी मोकळेच आहोत आपण."

तोवर देवीपुढचा नारळ हातात धरून पुजाऱ्याने सवाल सुरू केला होता. कोणी हजार एक म्हणालं. कोणी दोन हजार एक. आणि आशालताबाईंच्या शेजारून, लाल पेनाने आयुष्यभर खर्च छाटलेल्या आवाजात, शब्द आले, "पाच हजार एक."

मांडव वळून बघू लागला. आशालताबाईंनी शर्टाची बाही ओढली. "अहो, नारळ चाळीस रुपयांना मिळतो."

"तो रोखीचा," सुधाकरराव म्हणाले.

पुढे कोणी चढलं नाही. ढोल वाजला आणि नारळ त्यांच्या ओंजळीत आला. सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला, तो पाटलांनी वरच्यावर धरला आणि हळूच म्हणाले, "भाऊ, गावादेखत अपमान करू नका. पुडल्या वर्साला."

"मग तुम्ही वसुलीला येणार ना? नजर ठेवायला?" सुधाकररावांनी विचारलं. तोंडावरचं समाधान त्यांना लपवता येत नव्हतं. वर्षभर खाल्लेल्या भाकऱ्यांची थोडी परतफेड त्यांनी मनातल्या मनात मांडून ठेवली होती. पाटील नवरा-बायको दोघंच, एक किलो सुरमई, प्रश्न नाही.

"येनार तर," जिजा म्हणाली. "पन तुमचं देनं काय आमचं एकट्याचं नाय सायेब. नारळ देवीचा, म्हंजे उधारी आख्ख्या आळीची. सगळ्यांनाच यायला लागंल."

सुधाकररावांनी मांडवावरून नजर फिरवली. ओळीने बसलेली आळी त्यांच्याकडे बघून प्रेमाने माना डोलावत होती. त्यांनी बायकोकडे पाहिलं. आशालताबाई ओठांत पुटपुटत बोटांच्या पेरांवर काही तरी मोजत होत्या आणि रागावलेल्या मुळीच दिसत नव्हत्या.

"जिजाताई," त्या म्हणाल्या, "पहिल्या रविवारी किती पानं धरू?"

जिजाने जरा विचार केला. "जास्त नाय वैनी. टेम्पोत मावतील तेवडीच."