पुंडलिकभाई आणि न लागणारी फाईल

पुंडलिकभाई कुणाच्याही घरी गेले की आधी देवाला हात जोडतात आणि मग थेट टीव्हीच्या मागे जातात. यजमान पाण्याचा तांब्या घेऊन ताटकळतो. त्याला भाईंचे फक्त पाय दिसत असतात. थोड्या वेळाने मागून आवाज येतो, "पेन ड्राइव्ह लावूक जागा एकच आसा रे." त्या आवाजात अख्ख्या घराविषयीची कीव असते.

हळर्णला आमची घरं शेजारी शेजारी. भाईंनी जन्मभर पेडण्याच्या बाजारात किराणा दुकान चालवलं. दुकान बंद केल्यावर माणसं भजनाला बसतात किंवा कुळागरातल्या माडा-पोफळींत लक्ष घालतात. भाईंनी कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ टीव्हीवर लावायचं मनावर घेतलं. सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेरसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नाही. आपल्या घरातला टीव्ही कुठल्या फाईली घेतो आणि कुठल्या घेत नाही, हे सांगितल्याशिवाय त्याला पावांचे पैसे मिळत नाहीत.

या नादाला कारण होतं. भाईंची मुलगी सुषमा इंग्लंडला असते आणि भाईंच्या बायकोची, आमच्या लीलावहिनींची, नजर हळूहळू जाते आहे. गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मोबाईलवर त्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. नात बघायची तर टीव्हीवरच, आणि तीही नजर आहे तोवर. आता सुषमाचा मोबाईल नवा कोरा आणि भाईंचा टीव्ही म्हातारा. तिने पाठवलेला व्हिडिओ कॉम्प्युटरवर छान चालतो, पेन ड्राइव्हवरून टीव्हीला लावला की 'हा फॉर्मॅट चालत नाही' म्हणून तो हात वर करतो.

"भाई, नवा टीव्ही घ्या ना," मी एकदा सुचवलं.

भाई काही बोलायच्या आत आतून वहिनी म्हणाल्या, "जुनी वस्तू बदलूक लागलंय तर पयलो नंबर तुमचो."

टीव्हीचा विषय तिथेच मिटला.

फॉर्मॅटचं सगळं शास्त्र भाईंनी किराणा मालावर बसवलं आहे. मी शाळामास्तर, तरी मला ते कुणी इतकं नीट समजावलं नव्हतं. "मास्तर, एमपी-फोर काय नि एमकेव्ही काय, ह्यो नुसत्यो पुड्यो. पुडी बघू नकात, भितर काय आसा ता बघा." पुडीवर लिहिलंय मूग आणि आत निघाले अळसांदे, तर गिऱ्हाईक घेईल का? टीव्हीचंही तसंच. पुडी ओळखीची असते, पण आतलं चित्र नव्या पद्धतीने बांधलेलं असतं. मग तो आवाज घेतो आणि चित्र टाकून देतो. कधी चित्र घेतो आणि आवाज टाकतो. अशा वेळी पुडी सोडायची, माल टीव्हीला पचेल असा करायचा आणि परत बांधायचा. पुडीचं नुसतं नाव बदलून फाईल लावू बघणाऱ्यांना भाई भेसळवाले म्हणतात.

हे काम चालू असताना घरात मिक्सर लावायची बंदी असते. आमच्याकडची वीज कधी दगा देईल सांगता येत नाही. "फाईल शिजता हा," असं भाई दारातून ओरडले की आमच्या घरातलं खोबरंसुद्धा रगड्यावर वाटलं जातं.

यंदा चवथीला सुषमाने नातीचा, स्वराचा व्हिडिओ पाठवला. तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीपुढे पोरगी पहिल्यांदा फुगडी घालत होती. वहिनी एके काळी वाड्यावरच्या फुगड्यांत सगळ्यांत पुढे असायच्या. त्यांनी एवढंच सांगितलं, "माका ता बघूक जाय." भाईंनी नेवऱ्यांचं ताट बाजूला सारलं आणि कॉम्प्युटरपुढे बसले.

टीव्हीच्या जागी गणपती बसलेला, त्यामुळे टीव्ही घरापुढच्या बलकावात, म्हणजे ओसरीवर, आला होता. संध्याकाळी आरती झाली आणि वाड्यावरच्या बायका फुगडीसाठी जमल्या. भाईंनी फाईल लावली. गाणं वाजलं, टाळ्या वाजल्या, पडदा काळा. भाई आत गेले. दुसऱ्यांदा फाईल शिजवून आणली. या खेपेला चित्र आलं, पण काय चित्र! पडद्याचा मधला भाग सगळा काळा, आणि स्वरा बिचारी डाव्या कडेला चिकटून गरगरतेय.

"भाई, नात भिंतीर चडली मगो," एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या.

मलाही वाटलं, घाईत भाईंचा काहीतरी घोटाळा झालाय. "थांबा, मी मधे आणून देतो," म्हणत मी टीव्हीमागच्या पेन ड्राइव्हला हात घातला. भाईंनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नकात, मास्तर," ते हळूच म्हणाले. "मुद्दाम केलंय. तुमच्या वयनीक मधला दिसना नाय, कडेचा दिसता. चेडू मधी ठेवला तर तिच्या डोळ्यांतसून जाता. सगळ्यो जागा बघलंय ठेवून. हय ठेवला तर गावता."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या पडद्याच्या मधोमध, त्या रिकाम्या काळ्या जागेकडे टक लावून बघत होत्या आणि त्यांचा चेहरा फुलला होता.

"अगो, उजव्या पायार गिरकी घेता ता," वहिनी म्हणाल्या. "परकर लाल आसा."

परकर लालच होता. बायका हसायच्या थांबल्या. मला भाईंची इतकी माया आली की मी नेवरीमागून नेवरी खात राहिलो.

टीव्हीवर गाण्याची लय वाढली. वहिनी पाटावरून उठल्या आणि समोरच्या पडद्याकडे बघत त्यांनी दोन्ही हात पुढे केले, फुगडीला करतात तसे. हात तसेच राहिले. कुणी पुढे व्हावं हे कुणाला सुचेना.

मग भाई उठले. बायकांच्या देखत, कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत लाजत, त्यांनी ते हात धरले आणि पाय जुळवून उभे राहिले.