सटाण्याचं बनावट स्थळ

प्रतिभाताईंना आता कुणी फसवू शकणार नव्हतं. तसं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. एआयने बनवलेला खोटा मजकूर कसा ओळखावा, याचं अर्ध्या दिवसाचं शिबिर त्यांच्या शाळेत झालं, आणि तेव्हापासून नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीत एकही फॉरवर्ड सुखाने पुढे सरकेना. गुड मॉर्निंगच्या गुलाबावरचं दवसुद्धा त्या झूम करून तपासत. नवरा ज्ञानेश तर त्यांच्यासमोर फोटो काढून घ्यायलाच बिचकायचा.

धाकटी बहीण रूपाली त्यांच्याकडेच राहून एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत होती. तिच्यासाठी स्थळं बघायचं काम सांगलीच्या आईवडिलांनी प्रतिभाताईंवर सोपवलं होतं. त्यात एकदा सटाण्याच्या सुयशचा फोटो आला. मुलाचा कांद्याचा व्यापार. आजवरचे सगळे फोटो न बघितल्यासारखे परत करणाऱ्या रूपालीने हा मात्र दोनदा बघितला.

"हसतो छान," ती म्हणाली.

"हसायला काय जातंय? बोटं मोज." प्रतिभाताईंनी चष्मा चढवला.

डाव्या हाताला सहा बोटं होती.

"एआयला बोटं जमत नाहीत. शिबिरात पहिल्यांदा हेच सांगितलं. आणि मागची पाटी वाच."

पाटीवर लिहिलं होतं, 'आठे कांदा भेटस'.

"ही कुठली भाषा? मशीनला अक्षरं जमली, शब्द काही जमले नाहीत."

"अगं, ती अहिराणी..." ज्ञानेशने तोंड उघडलं.

"तुम्ही मध्ये बोलू नका. तुम्ही शिबिराला नव्हता."

प्रतिभाताईंनी लगेच मुलाच्या आईला, नवसाबाईंना फोन लावला आणि हुकूम सोडला, "आजचा पेपर हातात धरलेला मुलाचा फोटो पाठवा." पोराला कुणी पळवून नेलं की काय, म्हणून नवसाबाई आधी गोठ्यात जाऊन त्याला बघून आल्या. मग फोटो आला. पेपर होता, तारीख होती, आणि तो पेपर धरणारी सहा बोटंही होती.

"बघ, चूक दाखवली तरी सुधारता आली नाही त्यांना."

"ताई, एकदा भेटून तरी बघू."

"जो नाहीच, त्याला भेटणार कुठे?" असं म्हणत प्रतिभाताईंनी महिला मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'सावधान. सटाण्याचा सुयश हा मुलगा अस्तित्वात नाही. स्थळ आल्यास फसू नका.' रूपाली उठून आत निघून गेली.

पुढचं प्रतिभाताईंना नंतर कळलं. मेसेज निफाडला पोचेपर्यंत त्यातलं 'सावधान' गळालं. त्यापुढे 'फसू नका' गळालं. कळवणला कुणीतरी 'अस्तित्वात नाही'चं सोपं करून 'हयात नाही' केलं आणि खाली पणती लावली. रविवारी सकाळी सुयश दात घासत दार उघडायला गेला, तर कळवणची मावशी रडतच उभी. त्याला बघून ती जी मटकन खाली बसली, ती चहा पोटात गेल्यावरच उठली.

त्याच दुपारी प्रतिभाताईंची बेल वाजली. दारात एक मुलगा आणि त्याची आई.

"नमस्कार. मी सुयश, सटाण्याचा," मुलगा म्हणाला. "हयात आहे."

प्रतिभाताईंची नजर आधी हातावर गेली. त्यानेच डावा पंजा वर केला. "सहाच आहेत. जन्मापासून."

"आणि ती पाटी?"

"अहिराणी. इथे कांदा मिळतो, एवढंच लिहिलंय."

आतून ज्ञानेश फक्त खोकला. तेवढा हक्क त्याला होता.

"माफ करा," मावशीची हकीकत ऐकून प्रतिभाताई पुटपुटल्या. "मी घरबसल्या तुम्हाला मारलं."

नवसाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. पाणी घेऊन आलेल्या रूपालीकडे त्या बघत होत्या, मग मोबाइलकडे, मग परत रूपालीकडे.

"हाई पोर कोन शे?" त्यांनी विचारलं.

"हीच रूपाली."

नवसाबाईंनी मोबाइल पुढे केला. स्थळासाठी पाठवताना प्रतिभाताईंनी बहिणीचा फोटो एका ॲपमधून काढला होता. ॲपने रंग उजळला होता, नाक ओढून सरळ केलं होतं आणि मागे लॅबच्या भिंतीऐवजी तळं आणलं होतं. तळ्यात हंस होते.

"ताई, ही कोण?" रूपालीने विचारलं.

"जराशीच उजळ केली होती," प्रतिभाताई जमिनीकडे बघत म्हणाल्या.

"एका हंसाला दोन माना आहेत," सुयश म्हणाला. "तेव्हाच आम्हाला वाटलं, मुलगी बनावट आहे. म्हणून म्हटलं, समोर जाऊनच बघावं."

"खरी पोर बरी शे," नवसाबाईंनी निकाल दिला आणि सोफ्यावर ऐसपैस बसल्या.

रूपाली हसायला लागली, ती थांबेचना. हसू ओसरल्यावर तिने सुयशला विचारलं, "तुम्हाला हातमोजे कसे बसतात?"

"अजून बसलेले नाहीत."

"आमच्या लॅबमध्ये मोठ्या मापाचे असतात. आणून देते."

एवढं ऐकून प्रतिभाताईंच्या जिवात जीव आला. त्यांनी लगेच ग्रुपवर लिहिलं, 'चूक माझी होती. सुयश खरा आहे आणि आमच्या घरी बसलाय.' सोबत फोटोही टाकला.

शेजारच्या यशोदाबाईंचं उत्तर आलं, 'फोटोवर विश्वास ठेवू नका असं तुम्हीच सांगितलंत. आम्ही येऊन बघतो.'

आणि सगळ्या आल्या. एकेक बाई चप्पल काढून आत येत होती, सुयश हसत पंजा पुढे करत होता आणि ती शांतपणे बोटं मोजत होती. पुढे पाठवण्याआधी खात्री करून घ्यायची सवय कॉलनीला एकदाची लागली होती.

प्रतिभाताईंना मात्र हे कौतुकाने बघता आलं नाही. तेवढ्या जणींच्या चहाला दूध पुरणार नव्हतं, म्हणून पिशवी घेऊन त्या जिना उतरत होत्या.