मशीन बिघडायला हवं होतं

काकांच्या रक्तात एक लाख साठ हजार पांढऱ्या पेशी आहेत, असं मशीनने सकाळी सकाळी जाहीर केलं, तेव्हा काकांनी त्याच्या पाठीत एक चापट मारली. जुन्या टीव्हीला मारतात तशी. मशीनने मत बदललं नाही.

काका ज्या प्रयोगशाळेत काम करत, तिथे पेशंटचं रक्त लावण्याआधी रोज मशीनची परीक्षा होई. आकडे आधीच ठाऊक असलेलं रक्त त्याला द्यायचं. त्याने तेच आकडे सांगितले, तर दिवस सुरू. हे रक्त कंपनीकडून बाटलीत येतं. पण बाटली संपली आणि नवी वाटेत अडकली, की काका बाही वर करत. पांढऱ्या पेशी सात हजार, हिमोग्लोबिन चौदा. वर्षानुवर्षं तेच. त्यांच्या नळीवर नाव न लिहिता नुसतं ‘नॉर्मल’ लिहीत. शिकाऊ मुलांना निरोगी रक्त दाखवायचं तर काकांचंच दाखवत, त्यामुळे निरोगी माणूस म्हणजे काका, अशी ठाम समजूत घेऊन पुष्कळ मुलं जगात वावरत होती. या खेपेला बाटली बऱ्याच महिन्यांनी संपली होती, एवढंच.

“हाताचा काहीतरी घोळ असेल,” त्यांच्या हाताखालची ज्युनिअर म्हणाली. “दुसऱ्या हाताचं घेऊ.”

दोन हातांत दोन तऱ्हेचं रक्त असतं, असं ती शिकली त्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तरी काकांनी निमूट दुसरी बाही वर केली. मशीनने एक लाख बासष्ट हजार सांगितलं.

“बघा, वाढलं. याला काही धरबंधच राहिलेला नाही.”

मग मशीन धुतलं. मग नळ्यांवर संशय आला, म्हणून नळ्यांचं अख्खं खोकं बाजूला काढलं. शेवटी खिडकीपाशी थांबलेल्या एका मावशींचं रक्त लावून पाहिलं. ते अगदी ठीक आलं. मागच्या वेळी आलं होतं तसंच.

“काका, हे तर बरोबर आलं.”

“तेच तर,” काका म्हणाले. “जे मशीन माझं चुकवतं, त्याच्या बरोबरवर विश्वास कसा ठेवायचा?”

हे दोघांनाही बिनतोड वाटलं. मावशींना थांबायला सांगितलं. रिपोर्ट वाईट आल्यावर लोकांना ताटकळत ठेवतात हे आपल्याला माहीत होतं, चांगला आल्यावर ठेवतात हे आजच कळलं, असं मावशी खिडकीतून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. त्यांच्यामागची रांगही मग त्यांच्याच बाजूची झाली.

कंपनीचा इंजिनिअर आला. ‘दोष मशीनमध्ये नाही’ हे वाक्य बोलण्याचाच पगार मिळत असल्यासारखा तो माणूस होता. पण काकांचा आकडा पाहून तो वाक्य गिळून कामाला लागला. त्याने मशीन उघडलं, आतल्या नळ्या बदलल्या, सुट्ट्या भागांच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून बसला आणि सगळं परत जोडलं. एक स्क्रू उरला. तो त्याने कोणाचं लक्ष नाही असं बघून खिशात टाकला. मशीन म्हणालं, एक लाख एकसष्ट हजार.

“दुसऱ्या कोणाचं लावून बघायचं का?” त्याने जपून विचारलं.

“यांचंच नॉर्मल आहे,” ज्युनिअर म्हणाली.

“हो, पण समजा...”

“समजा काय?”

तिने हे असं विचारलं, की इंजिनिअरने मुकाट्याने मशीन पुन्हा उघडलं.

तो ते उघडून बसला, तोवर काकांनी आणि ज्युनिअरने डबे काढले. काका चार घास खाऊन थांबले आणि डबा ज्युनिअरकडे सरकवला. हल्ली हे रोजचंच झालं होतं. काकांचं पोट लगेच तट्ट भरायचं, आणि उरलेला डबा ती संपवायची. रिकामा डबा बघून घरी काकू खूश व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी भरून द्यायच्या. त्यामुळे काका वाळत चालले होते, ज्युनिअरला कपडे घट्ट होत होते आणि काकूंचा उत्साह वाढत होता.

प्रयोगशाळेच्या डॉक्टर मॅडम रिपोर्ट का अडलेत म्हणून बघायला आल्या. ही दोन डबे का खातेय, असं त्यांनी सहज विचारलं. ज्युनिअरने कौतुकाने सगळं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत.

“मशीन राहू दे,” त्या म्हणाल्या. “एक स्लाइड करा.”

काकांनी स्वतःच केली. काचेवर रक्ताचा थेंब, दुसऱ्या काचेने एकच ओढ. अशी सफाईदार स्लाइड त्यांच्यासारखी कोणाला जमत नसे, आणि तीही नेहमीसारखीच सुरेख झाली. रंग दिला, सुकवली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि डोळा लावला.

एरवी पांढरी पेशी शोधत फिरावं लागतं. इथे त्यांना उभं राहायला जागा नव्हती. पिकलेल्या होत्या, अर्ध्या कच्च्या होत्या, आणि ज्यांनी अजून हाडाच्या आतून बाहेर पडायलाच नको होतं, अशा कोवळ्यासुद्धा बऱ्याच होत्या. अशा रक्ताला काय म्हणतात, हे काकांनीच किती मुलांना शिकवलं होतं.

त्यांनी मोजणीचं यंत्र जवळ ओढलं. प्रत्येक तऱ्हेच्या पेशीला एक बटण, आणि शंभर पेशी झाल्या की घंटा. टक, टक, टक. दहा-बारा पेशींतच खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. इंजिनिअरलाही, तो पेशी ओळखत नसला तरी.

“काका, राहू दे आता,” ज्युनिअर म्हणाली.

“शंभर मोजल्याशिवाय सांगायचं नसतं,” काका डोळा न काढता म्हणाले. तिच्या पहिल्या दिवशी याच स्वरात म्हणाले होते.

घंटा वाजली. दाराच्या घंटीसारखी होती ती, पण कोणी उठलं नाही.

“माझं घ्या,” इंजिनिअर एकदम म्हणाला. त्याने बाही वर केली. “या मशीनचा काही भरवसा नाही. मी सांगतो ना. आमच्या कंपनीचा माल आहे, मला माहितीये.”

काकांनीच त्याचं रक्त घेतलं. मशीनने सांगितलं: पांढऱ्या पेशी सहा हजार आठशे, हिमोग्लोबिन पंधरा. चोरी पकडली जावी तसा इंजिनिअर त्या आकड्यांकडे बघत राहिला.

“सॉरी,” तो म्हणाला. “बरोबर आलं.”

“बरं झालं,” काका म्हणाले. “आता त्या मावशींना रिपोर्ट देऊन टाका. केव्हाच्या उभ्या आहेत.”

मग त्यांनी आपल्या नळीवरचं ‘नॉर्मल’ खोडलं आणि तिथे स्वतःचं नाव आणि वय लिहिलं, सगळ्या पेशंटचं लिहितात तसं. या रक्ताच्या कॅन्सरवर आता गोळ्या आहेत, पुष्कळ वर्षं नीट जातात, पक्कं करायला आणखी एक तपासणी पाठवू, असं मॅडम म्हणाल्या. मग तेच पुन्हा एकदा म्हणाल्या. काकांनी दोन्ही वेळा मान हलवली. मॅडमना हे दुसऱ्यांना सांगताना त्यांनी पुष्कळदा ऐकलं होतं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज खाली जातो, हेही त्यांना माहीत होतं.

त्या दिवशी ज्युनिअरला डबा संपवता आला नाही.

संध्याकाळी घरी काकूंनी डबा धुवायला उघडला आणि बघत राहिल्या. “अहो, आज निम्मा तसाच आणलात?”

काका काय म्हणायचं ते वाटेतून जुळवत आले होते, पण त्याआधीच काकूंनी गार भाजी बोटाने चाखली. “मीठ कमी पडलंय का?” पुन्हा चाखली. “मीठ नाही. तेलाचा वास येतोय बहुतेक.” तेलाची बाटली उघडून हुंगली. मग डब्याचं झाकण हुंगलं. “की गॅसच मंद होता सकाळी? कच्चं राहिलं असेल.” त्यांनी गॅस पेटवला, वाकून ज्योत निरखली आणि शेगडीला एक चापट मारली.

काकांनी पुढे होऊन गॅस बंद केला.

“मीठ बरोबर आहे,” ते म्हणाले. “तेलही बरोबर आहे. आमचं सकाळपासून सगळं तपासून झालंय. तू बस जरा.”