बारावा ढीग

कुमुदिनी संध्याकाळी दमून घरी आली, तेव्हा तिची तीन वर्षांची मेहनत पातेल्यात भिजत होती.

हिमाचल आणि काश्मीरच्या एकोणीस गावांतून तिने राजमा गोळा केला होता. राजम्यात लेक्टिन नावाचं प्रथिन असतं. कच्चं पोटात गेलं तर उलट्या होतात, रक्तात मिसळलं तर तांबड्या पेशींच्या गुठळ्या. कुठल्या गावच्या वाणात ते किती, हा तिच्या पीएचडीचा विषय. संस्थेतल्या बियाण्यांच्या खोलीचा एसी बंद पडला, म्हणून तिने पाकिटं दोन दिवस दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या आपल्या क्वार्टरमध्ये आणून ठेवली होती. आणि नाशिकहून आलेले सासरे, मुरलीधरराव, घरात बसून कंटाळले होते.

"बाबा, पाकिटांवर नंबर होते."

"होते ना. मला वाटलं, ग्रॅम असतील. उद्या रविवार, म्हटलं तुम्हाला राजमा-चावल करून घालावं."

कुमुदिनीला रडायचंही त्राण नव्हतं. तिने जमिनीवर पंचा पसरला आणि दाणे उपसले. नवरा जयदीप ऑफिसातून आला, तिच्याकडे आणि वडिलांकडे पाहिलं, आणि मांडी घालून निवडायला बसला.

काळे, पिवळे, ठिपक्यांचे, अशी आठ गावं जेवणापर्यंत वेगळी झाली. उरलेल्या अकरा गावांचे दाणे सगळे लाल होते. आकारावरून त्यांचे ढीग केले, पण कुठला ढीग कुठल्या गावचा, ते कळेना.

"आता काय?" जयदीपने विचारलं.

"प्रत्येक ढिगाचं लेक्टिन तपासायचं. गेल्या वर्षीच्या रिपोर्टशी जुळवता येईल."

"मग झालं की."

"त्याला रक्त लागतं."

रविवारी तिघं प्रयोगशाळेत गेली. तिथे सशाच्या रक्ताची बाटली होती, पण तिची मुदत संपलेली. मुरलीधररावांनी बाही वर केली. "थोडंसंच ना? काढ. चूक माझी आहे."

"बाबा, तुम्हाला शुगर आहे. कुमुद, माझं घे यार," जयदीप म्हणाला.

शेवटी दोघांचंही घेतलं. दुपारपर्यंत अकरा ढिगांना आपापली गावं मिळाली. पण ढीग बारा होते. आणि बाराव्याने रक्ताला काहीच केलं नाही. तिने तीनदा करून पाहिलं. एकही गुठळी नाही. तिने गाइड शुभदा मॅडमना फोन लावला.

"लेक्टिनच नाही?" मॅडमचा आवाज एकदम बदलला. "कुमुदिनी, असा लाल राजमा आपल्याला आजवर मिळाला नव्हता. कुठल्या गावचा?"

"बघून सांगते, मॅडम."

मुरलीधरराव बाहेर बाकावर कोपरावर कापूस दाबून बसले होते.

"बाबा, पातेल्यात आणखी काही घातलं होतं?"

"थोडा कमी वाटला गं. म्हणून मार्केटातून पावशेर आणला." ते ओशाळले. "तेही चुकलं का?"

सोमवारी ती त्या दुकानात गेली. दुकानदाराने रिकामं पोतं दाखवलं. माल कुठून आला, त्याला ठाऊक नव्हतं. संस्थेच्या नोंदवहीत मात्र रकाना मोकळा सोडायची सोय नव्हती. कुमुदिनीने सुस्कारा सोडला आणि 'गाव' या शब्दापुढे लिहिलं, सरोजिनी नगर. खालच्या ओळीत वाण शोधणाऱ्याचं नाव विचारलं होतं. तिथे तिने सासऱ्यांचं पूर्ण नाव घातलं.